नोकरी सोडण्याआधी परतीचा हिशेब

मिहानमध्ये नोकरी लागली की नागपूरच्या घरात एक प्रश्न कायमचा मिटल्यासारखा वाटतो. पुण्या-बंगळूरला गेलेला मुलगा किंवा मुलगी बदली घेऊन परत येते, बेसा-मनीषनगरकडे फ्लॅट होतो, खापरीपर्यंत मेट्रो आहे, आईबाबा हाकेच्या अंतरावर आहेत. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस, टेक महिंद्रा ही नावं नातेवाइकांना समजावून सांगावी लागत नाहीत. आणि सगळं असं जागच्या जागी बसल्यावरच दुसरा प्रश्न डोकं वर काढतो. कुणाच्या मनात शाळांसाठी एखादं ॲप असतं, कुणाला संत्र्याचे पदार्थ विकायचे असतात, कुणाला पेंचच्या रस्त्यावर होम-स्टे काढायचा असतो, कुणाची कादंबरी अर्धी लिहून पडलेली असते. त्यासाठी ही नोकरी सोडावी का?

यावर दोन सल्ले फुकट मिळतात. समाजमाध्यमांवर भेटतो तो, "हिंमत करा, आयुष्य एकदाच मिळतं." घरी भेटतो तो, "लागलेली नोकरी सोडते का कोणी?" दोन्ही सल्ले तुमच्या स्वभावाबद्दल बोलतात, परिस्थितीबद्दल नाही. या लेखात हिमतीचा विषय बाजूला ठेवून एकच गोष्ट सांगायची आहे: नोकरी सोडण्याची किंमत सगळेच मोजतात; बेत फसला तर परत येण्याची किंमत फार थोडे मोजतात. आणि नागपुरात या दोन किमती एकमेकींपासून फार लांब आहेत.

पुण्यात हिंजवडीतली नोकरी सोडलेल्याला वर्षभराने खराडीत, बाणेरला किंवा त्याच फेजमध्ये दुसरी कंपनी सापडू शकते. नागपुरात मिहानमधल्या मोजक्या मोठ्या कंपन्या, परसोडीच्या आयटी पार्कमधली पर्सिस्टंट आणि काही लहान कंपन्या एवढाच पसारा आहे. विमानदेखभाल किंवा विमानाचे सुटे भाग बनवण्याच्या कामात असाल, तर मालक बोटांवर मोजण्याइतकेच. म्हणजे इथे सोडणं स्वस्त आहे, कारण घरभाडं नाही, जेवण घरचं आहे, प्रवास थोडा आहे. परतणं मात्र महाग आहे, कारण परतीची नोकरी कदाचित नागपुरात नसेलच. ज्या शहरात राहता यावं म्हणून तुम्ही बदली मागितली, तेच शहर सोडावं लागेल. हिशेब इथून सुरू करायचा.

नोकरी तुमच्या कामाला नेमकं काय देत नाही?

१९६७ साली रंगभूमीवर आलेलं 'कट्यार काळजात घुसली' नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. नाटक लिहिलं ते नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. दारव्हेकर मास्तरांनी आधी शाळेत शिकवलं, पुढे आकाशवाणी-दूरदर्शनमध्ये नोकरी केली आणि लेखन-दिग्दर्शन तिच्या सोबतीनेच चालवलं. त्याच नाटकात खाँसाहेब उभे केले ते वसंतराव देशपांड्यांनी. जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. वाढले नागपुरात आणि गाण्याचे धडे घेतले ते इथल्याच शंकरराव सप्र्यांकडे. पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ नोकरी केली आणि चाळिशी ओलांडल्यावर, नाटक येण्याच्या थोडीच वर्षं आधी, ती सोडली.

एकाच नाटकातली ही दोन माणसं. एकाने नोकरी ठेवली, दुसऱ्याने सोडली, आणि दोघांचंही बरोबर ठरलं. फरक कामाच्या गरजेत होता. नाटक लिहायला सलग संध्याकाळी पुरतात. गावोगावच्या प्रयोगांमधून रात्र रात्र गायचं, तर सकाळी दहाला टेबलाशी हजर राहणं जमत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. वसंतरावांनी राजीनामा देऊन गाणं सुरू केलं नाही. गाणं कित्येक वर्षं सुरूच होतं, लोकांना त्यांचा आवाज ठाऊक होता. नोकरी आड येऊ लागली तेव्हा ती गेली.

तेव्हा पहिल्या कागदावर एवढंच लिहा: माझ्या कामाला नोकरीमुळे काय मिळत नाही? उत्तर साधारण या चारांपैकी एक असतं.

पहिलं, वेळ. पण कोणता वेळ? रोज दोन तास हवेत की दुपारी अकरा ते पाच गिऱ्हाइकांना भेटायचं आहे? अमेरिकेतल्या ग्राहकासाठी तुमचे कॉल रात्री अकरापर्यंत चालत असतील, तर राजीनाम्याआधी दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली मागून बघा. कादंबरी, संशोधन, यूट्यूब वाहिनी, छोटं सॉफ्टवेअर ही कामं शिफ्ट बदलली तरी पुष्कळदा मार्गी लागतात.

दुसरं, परवानगी. कंपनीच्या करारात बसत नाही म्हणून काम अडलं आहे. त्यावर पुढे येतोच.

तिसरं, ठिकाण. होम-स्टे रामटेकपलीकडे आहे आणि तुम्ही वर्धा रोडवर. इथे अर्धवेळ कारभार चालत नाही. एकतर विश्वासू माणूस हवा नाहीतर तुम्ही स्वतः हवे.

चौथं, डोकं. वेळ आहे, पण घरी आल्यावर मेंदूत काही शिल्लक राहत नाही. ही तक्रार खरी असते, पण तिची शहानिशा करा. चार आठवडे पहाटे किंवा शनिवार-रविवारी काम करून पाहा. मन रमत असेल आणि फक्त अंग थकत असेल, तर काम तुमचं आहे. चार आठवड्यांत दोनदाच बसलात, तर नोकरी सोडूनही तुम्ही दोनदाच बसाल.

आणि प्रामाणिक उत्तर "मॅनेजरचा वैताग आलाय" असं असेल, तर तुम्हाला टीम किंवा कंपनी बदलायची आहे. त्या वैतागाला स्वप्नाचं नाव देऊ नका.

नोकरीत असतानाच परीक्षा घ्या

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपल्याकडे धाडसाचा धडा म्हणून सांगतात. तिच्यातल्या तारखा पाहिल्या की धडा वेगळा निघतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवत होते. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान निघालं. भाऊ रामूअण्णा दुकान सांभाळायचे आणि लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवायचे. डावललेल्या बढतीनंतर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली ती १८९७ मध्ये. म्हणजे दुकान आधी आणि राजीनामा जवळपास नऊ वर्षांनी. शिवाय पुढे लोखंडी नांगर बनवल्यावर शेतकऱ्यांनी तो लगेच घेतला नाही. जमीन बिघडेल या समजुतीपायी गिऱ्हाईक मिळायलाच फार काळ गेला. तेवढा काळ तग धरता आला, कारण दुसरं काहीतरी आधीपासून चालू होतं.

तुमच्या कामाची परीक्षा नोकरीत असताना कशी घ्यायची, याचे तीन निकष.

एक, पैसे देणारी माणसं अनोळखी हवीत. दिवाळीला मावशीने, ऑफिसातल्या मैत्रिणीने आणि सोसायटीच्या ग्रुपने संत्रा बर्फीचे डबे घेतले, तर ती आपुलकी आहे. तुमचं नाव न ऐकलेल्या दहा माणसांनी पूर्ण किंमत मोजली आणि त्यांतली काही दुसऱ्यांदा आली, तर तो बाजार. ॲपला किती जणांनी "मस्त आहे" म्हटलं याला अर्थ नाही. किती शाळांनी तीन महिन्यांचे पैसे आधी भरले याला आहे.

दोन, एक पूर्ण हंगाम गेला पाहिजे. संत्र्याचा आंबिया बहार साधारण दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. अधल्यामधल्या महिन्यांत ताज्या फळाचा माल कुठून आणणार, भाव काय देणार, हे एक वर्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. पेंच आणि ताडोब्याचा गाभा भाग पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. डिसेंबरच्या गर्दीवरून होम-स्टेचं वार्षिक उत्पन्न काढलंत, तर ऑगस्टमध्ये हप्ता थकेल.

तीन, तुमच्या तासांचे पैसे धरा. पाचशे रुपयांचा डबा विकून दीडशे सुटले, पण तो करायला तीन तास गेले, तर तुम्ही तासाला पन्नास रुपयांवर राबलात. हौशी कामात हा आकडा कुणी मांडत नाही आणि व्यवसायात तोच आधी मांडावा लागतो.

कादंबरी, गाणं, नाटक यांना हे निकष जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे पैशाचा स्रोत वेगळाच असणार, हे मान्य करून चालायचं. मराठीत केवळ लेखनावर घर चालवणं अवघड आहे. महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत होते आणि त्याच काळात 'वाडा चिरेबंदी' लिहिलं गेलं. अशा कामासाठी नोकरी हा अडथळा नसून आश्रयदाता असू शकतो.

नेमणूकपत्र काढून वाचा

नोकरीच्या जोडीने काम करून पाहा म्हणताना एक मोठा धोका सांगायलाच हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी छुपेपणाने काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं जाहीर केलं. त्यानंतर काही आठवड्यांतच इन्फोसिसने पूर्वपरवानगी घेऊन आणि हितसंबंधांचा संघर्ष नसेल तर बाहेरचं काम करता येईल, अशी भूमिका घेतली. कंपनीगणिक नियम वेगळे आहेत. मित्राच्या कंपनीत चालतं म्हणून तुमच्याकडे चालेल असं नाही. म्हणून नेमणूकपत्र आणि आचारसंहिता उघडून या गोष्टी शोधा.

दुसरं उत्पन्न किंवा दुसरं पद घेण्यावर बंदी आहे का? बऱ्याच करारांत असते, आणि कंपनीचं संचालकपदही तिच्यात येतं. संचालकांची नावं सरकारी नोंदीत कुणालाही पाहता येतात, हे विसरू नका. धंदा बायकोच्या किंवा भावाच्या नावावर टाकणं हा लोकप्रिय उपाय आहे. तो धंदा खरोखर तेच चालवत असतील तर ठीक. रोजचं काम तुम्ही करत असाल, तर नाव बदलल्याने करारभंग टळत नाही. दुसऱ्या ठिकाणी पगारावर लागलात, तर पीएफच्या एकाच खाते क्रमांकाखाली दोन मालक दिसतात आणि पुढच्या पडताळणीत ते उघडं पडतं.

तुम्ही बनवलेली वस्तू कुणाची? स्वामित्व हक्काच्या १९५७ च्या कायद्यानुसार नोकरीचं काम म्हणून तयार केलेल्या कृतीचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. अनेक करार याहून पुढे जातात आणि नोकरीच्या काळात केलेल्या संबंधित शोधांवरही हक्क सांगतात. तेव्हा कंपनीचा लॅपटॉप, ईमेल, सॉफ्टवेअरचे परवाने, ऑफिसचं वाय-फाय यांपैकी काहीही स्वतःच्या कामाला लावू नका. स्वतःची मशीन, घरचं इंटरनेट, सुट्टीचा दिवस, आणि कोणत्या तारखेला काय केलं याची नोंद. संत्रा बर्फीला हा प्रश्न येणार नाही. ॲपला नक्की येईल.

सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करू नका, असं कलम असेल तर? भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार कुणालाही धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्द ठरतो, त्यामुळे नोकरीनंतरची अशी बंदी आपल्याकडे सहसा टिकत नाही. पण कंपनीची गुपितं, ग्राहकांच्या याद्या किंवा कोड बरोबर नेणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तिथे कायदा तुमच्या बाजूने नसेल.

शंका असेल तर लेखी परवानगी मागा. नकार आला तरी तो उपयोगी पडतो. जोडीने करता येणार नाही हे कळलं की पुढचा हिशेब सरळ होतो.

पैशाचा कागद

आता दुसरा कागद. त्यावर चार रकमा लिहायच्या आणि त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत: घरखर्च, कामाचं भांडवल, परतीचा निधी आणि न मोडायचा निधी.

समजा बेसा भागात राहणाऱ्या एका कुटुंबाचा गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ४५,००० रुपये आहे. नोकरी गेल्यावर कंपनीचा आरोग्यविमा जातो, लॅपटॉप आणि इंटरनेट स्वतःचं येतं. म्हणून ५०,००० धरा. वर्षभर काम करून पाहायचं तर घरखर्चाचे ६ लाख. कामात घालायचे २ लाख. वर्षाने नवी नोकरी शोधावी लागली तर चार महिन्यांचा खर्च, म्हणजे २ लाख, हा परतीचा निधी. आणि आजारपण-अडचणीसाठी २ लाख, ज्यांना कामासाठी हात लावायचा नाही. एकूण १२ लाख. जोडीदार महिन्याला २५,००० घरी आणत असेल, तर घरखर्चाची रक्कम ३ लाखांवर आणि परतीची १ लाखावर येते. एकूण ८ लाख. जोडीदाराचा पगार इथे चार लाखांची बचत करतो.

सगळ्यांत आधी उडतो तो परतीचा निधी. "अजून दोन महिने, मग जमेल" म्हणत तो कामात ओतला जातो आणि मग मिळेल ती नोकरी मिळेल त्या पगारावर घ्यावी लागते. तो वेगळ्या खात्यात, शक्य तर जोडीदाराच्या सहीशिवाय न मोडणाऱ्या ठेवीत ठेवा.

राजीनाम्याच्या तारखेवरही पैसे अवलंबून असतात. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं सलग सेवा लागते. हिशेब सोपा आहे: शेवटचं पात्र मासिक वेतन गुणिले १५ भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. पात्र वेतन ४०,००० असेल तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख १५ हजार होतात. वर दाखवलेल्या हिशेबात ते दोन महिन्यांहून जास्त घर चालवतात. नव्या कामगार संहितांनी वेतनाची व्याख्या बदलली असल्याने नेमका आकडा एचआरकडून लेखी घ्या. पाच वर्षं पुरी व्हायला चार-सहा महिने उरले असतील, तर तेवढं थांबा. पीएफचंही तसंच: सलग पाच वर्षांच्या आत रक्कम काढली तर कर लागतो. मुळात पीएफला भांडवल समजूच नका. नोकरी बदलली तर तो नव्या खात्यात जातो, घरी बसलात तर तो म्हातारपणाचा एकमेव आधार असतो.

व्हेरिएबल पे कोणत्या तारखेला हजेरीपटावर असलेल्यांना मिळतो, जॉइनिंग बोनस किंवा प्रशिक्षणाचा खर्च परत मागण्याचं कलम आहे का, हेही पाहा. मोठ्या आयटी कंपन्यांत नोटिसीचा काळ ९० दिवसांपर्यंत असतो. तो वाया जाणारा काळ समजू नका. तीन महिन्यांचा पगार आहे तो.

आरोग्यविमा राजीनाम्याआधी घ्या. वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांना संरक्षण नसतं आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का आणि आधीची वर्षं धरली जातात का, हे नोटिसीच्या काळातच विचारून ठेवा. शेवटच्या दिवसानंतर ते दार बंद होतं. आईबाबा कंपनीच्या विम्यात असतील तर हा मुद्दा तुमच्या स्वतःच्या विम्याहून मोठा आहे.

कर्जाबद्दल: बँका पगाराच्या पावत्या पाहून कर्ज देतात, व्यवसाय करणाऱ्याकडे सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. म्हणून सोडण्याआधी कर्ज उरकून घ्या, असं सांगणारे भेटतील. पगार थांबणार हे ठाऊक असताना नवा हप्ता डोक्यावर घेणं हा शहाणपणा नाही. उलट गाडीचं, कार्डांचं देणं आधी संपवा.

परतीचा रस्ता

परत यायची वेळ आली तर कुठे, किती दिवसांत आणि किती पगारावर? याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. राजीनाम्याचा विचार डोक्यात आहे त्याच महिन्यात तीन-चार ठिकाणी मुलाखती देऊन पाहा. नागपुरातच काम मिळतंय का? घरून काम करू देणारी बाहेरची कंपनी मिळतेय का? की प्रत्येक फोन पुणे-हैदराबादचाच आहे? आज, हातात नोकरी असताना जे उत्तर मिळतं, त्याहून वर्षभराने चांगलं मिळेल असं गृहीत धरू नका.

कौशल्य शिळं होण्याचा वेगही क्षेत्रागणिक वेगळा. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही स्वतःच्या ॲपवर नव्या तंत्राने काम करत राहिलात, तर ते वर्ष मुलाखतीत जमेला धरलं जाऊ शकतं. बर्फी विकत असाल तर ते रिकामं वर्ष दिसतं. आठवड्यातले काही तास जुन्या कामाला, एखाद्या फ्रीलान्स कंत्राटाला द्यावे लागतील. विमानदेखभालीतल्या परवानाधारक अभियंत्याला तर दोन वर्षांत किमान सहा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो, नाहीतर परवान्याचा अधिकार वापरता येत नाही. त्याच्यासाठी 'दोन वर्षं करून पाहू' हा बेत कागदावरच चुकीचा आहे.

राजीनाम्याअलीकडचे पर्यायही तपासा. बिनपगारी दीर्घ रजा तुमच्या कंपनीत मिळते का? अर्धवेळ किंवा सल्लागार म्हणून राहता येईल का? तीन महिन्यांची रजा मिळाली, तर परतीची किंमत शून्यावर येते. आणि सोडायचंच ठरलं तर चांगल्या पद्धतीने सोडा: काम नीट सोपवा, रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि फॉर्म १६ हातात घ्या, पीएफच्या नोंदीत शेवटची तारीख चढली का ते पाहा. नागपूरचं आयटी वर्तुळ लहान आहे. आजचा मॅनेजर दोन वर्षांनी दुसऱ्या इमारतीत मुलाखत घ्यायला बसलेला असतो.

घरातली बैठक

हा निर्णय एकट्याचा नसतो, तरी बहुतेक जण तो एकट्याने घेऊन घरी जाहीर करतात. तसं करू नका. जोडीदाराला आकड्यांचा कागद दाखवा आणि सरळ विचारा: या वर्षात तुला काय सोडावं लागेल? शाळेची फी, ठरलेली सहल, तिच्या किंवा त्याच्या स्वतःच्या नोकरीतला एखादा बदल, यांपैकी काय पुढे ढकलायचं, हे त्या व्यक्तीने सांगायचं आहे. घरी असाल म्हणजे मुलांना आणणं-सोडणं, बाबांना एम्समध्ये तपासणीला नेणं, गॅसवाल्याची वाट पाहणं आपोआप तुमच्याकडे येईल. कामाचे तास आणि बसायची जागा पहिल्याच दिवशी ठरवा. स्त्रियांच्या बाबतीत हे दुपटीने खरं आहे. नोकरी करणाऱ्या सुनेचा वेळ घर मोजून वापरतं, घरून काम करणारीचा न मोजता.

आईवडिलांना पटेलच असं नाही. ज्या पिढीने एका पगारावर घर उभं केलं, तिला राजीनामा हा अपघात वाटतो. त्यांना स्वप्न सांगू नका; परतीच्या निधीचा आकडा आणि विम्याची पॉलिसी दाखवा. त्यांची भीती नेमकी तेवढीच असते.

थांबण्याची रेघ आधीच ओढा

राजीनामा देण्यापूर्वी कागदावर एक तारीख, एक रक्कम आणि एक खूण लिहा. तारीख: या दिवशी थांबून आढावा घ्यायचा. रक्कम: कामाच्या भांडवलातले एवढे गेले की आणखी घालायचे नाहीत. खूण: तोपर्यंत काय घडलेलं असलं पाहिजे. पाच शाळा पैसे भरताहेत, महिन्याला चाळीस ठरलेली गिऱ्हाइकं आहेत, कादंबरीचा पूर्ण खर्डा संपादकाच्या हाती आहे, अशी मोजता येणारी खूण. "प्रतिसाद चांगला आहे" ही खूण नव्हे.

कागदावर जोडीदाराची आणि या कामात पैसे न अडकलेल्या एका स्पष्टवक्त्या मित्राची सही घ्या. ती तारीख येईल तेव्हा तुम्ही त्यात पुरते गुंतलेले असाल आणि मुदतवाढीची कारणं तुम्हाला फार पटत असतील. त्या दिवशी तुमच्याशी बोलायला आजचे तुम्ही हवेत. मुदतवाढ द्यायचीच तर एकदाच, आणि परतीच्या निधीला हात न लावता.

नागपुरात कुणाकडे जाल

व्यवसाय असेल तर उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांना वार्षिक २० लाख आणि वस्तूंना महाराष्ट्रात ४० लाखांची उलाढाल आहे, पण ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकणार असाल तर नियम वेगळे. सीएला एकदा भेटाच. खाण्याचे पदार्थ घरून विकायचे तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते.

कर्ज-अनुदानासाठी सिव्हिल लाइन्समधलं जिल्हा उद्योग केंद्र हे पहिलं ठिकाण. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमांची चौकशी तिथे होते. दोन गोष्टी आधी माहीत असू द्या: या योजना नव्या उद्योगासाठी आहेत, चालू धंद्याला नाहीत, म्हणून आधी अर्ज, मग धंदा हा क्रम चुकवू नका. आणि अनुदान हाती रोख मिळत नाही. ते बँकेत काही वर्षं राखून ठेवलं जातं आणि नंतर कर्जात वळतं होतं, म्हणजे हप्ते तुम्हाला भरायचेच आहेत. तंत्रज्ञानाचं किंवा वाढू शकणारं काम असेल, तर मिहानमध्येच आयआयएम नागपूरचं उद्योजकता केंद्र इनफेड आहे. उद्योजकांशी गाठ घालून घ्यायची तर विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनच्या कार्यक्रमांना जाऊन बसा. बुटीबोरी-हिंगण्यात कारखाना चालवणारा माणूस तुमच्या आकड्यांतली गफलत पाच मिनिटांत दाखवतो.

मग ठरवायचं कसं?

सोडू नका, जर काम संध्याकाळी होऊ शकतं, अनोळखी गिऱ्हाईक अजून आलेलं नाही, परतीचा निधी वेगळा पडलेला नाही, किंवा घरात एकट्याच्याच पगारावर हप्ता आणि आईवडिलांचं औषधपाणी चालू आहे. यातली एकही अडचण कायमची नसते. तोवर नोकरी नीट करा आणि तिच्या पगारातून कामाचं भांडवल साठवत राहा.

सोडा, जर काम दिवसा तुम्हाला मागतंय आणि नोकरीमुळे खरी मागणी परत पाठवावी लागतेय, चारही रकमा बाजूला आहेत, घरातल्यांनी कागद वाचून होकार दिलाय, आणि परतीची नोकरी नागपूरबाहेर असली तरी ती घ्यायची तुमची तयारी आहे. ही शेवटची अट सगळ्यांत कठीण आहे. मिहानमध्ये परतलेल्या बहुतेकांनी गावासाठी पगारात किंवा पदात तडजोड केलेली असते. स्वतःच्या कामासाठी ते गाव पुन्हा पणाला लावायचं का, याचं उत्तर 'हो' येत असेल, तर राजीनामा लिहायला हरकत नाही. 'नाही' येत असेल, तर मिहानची नोकरी ठेवून काम हळू चालवणं हाही पूर्ण, सन्मानाचा निर्णय आहे. दारव्हेकर मास्तरांचा तोच होता.